एक तारा दिला होता, तो परत घेते

लावल्यावर दुसऱ्या वर्षी मी या वेलीला पाचपैकी एक तारा दिला होता आणि खाली लिहिलं होतं, "जिवंत आहे, एवढंच." आज तिचं सातवं वर्ष चालू आहे. त्या एका ताऱ्यात वेलीचा दोष किती आणि माझा किती, हे आता मला नीट सांगता येतं, कारण मी वही ठेवते. उभी नोकरी हिशोब लिहिण्यात गेली, सवय जात नाही.

वेल म्हणजे चढणारी हायड्रेंजिया, शास्त्रीय नाव हायड्रेंजिया पेटिओलारिस. कुंडीत गोल गेंदेदार निळ्या-गुलाबी फुलांची जी हायड्रेंजिया असते तिचीच ही बहीण, पण स्वभाव अगदी वेगळा. ही मूळची जपान, कोरिया आणि सखालिन बेटाकडची, तिथल्या डोंगरांतल्या जंगलात मोठ्या झाडांच्या खोडांवर चढणारी. जपानीत तिला 'त्सुरु-अजिसाई' म्हणतात. त्सुरु म्हणजे वेल, अजिसाई म्हणजे हायड्रेंजिया. झाडांच्या छायेत वाढलेली असल्यामुळे सावलीचं तिला वावडं नाही. थंडीचंही नाही. उणे १५ अंश ती सहज सोसते.

आधी भिंतीबद्दल सांगते, कारण परीक्षण वेलीचं असलं तरी निम्मी गोष्ट भिंतीची आहे. बागेच्या दक्षिण टोकाला आमची विटांची कुंपणभिंत आहे, सात फूट उंच, बावीस फूट लांब, गिलावा नसलेली. तिचं आमच्याकडचं तोंड उत्तरेला. त्यामुळे ऊन पडतं ते भिंतीच्या पलीकडे आणि आमच्या वाट्याला तिची सावली. उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा तिरपी तिरीप येते तेवढीच. (दक्षिण गोलार्धात राहणाऱ्यांनी हे सगळं उलटं वाचावं, तिकडे दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत सावलीत असते.) स्वयंपाकघराची खिडकी नेमकी या भिंतीसमोर. आई दिवसातला बराच वेळ त्या खिडकीशी बसते. तिला उघड्या विटा बघायचा कंटाळा आला होता, म्हणून हा सगळा खटाटोप.

हायड्रेंजियाच्या आधी तीन वेली त्या भिंतीवर वाया घालवल्या. वेलीचा गुलाब लावला. तो उजेडाच्या शोधात काडीसारखा उंच गेला, खाली बोडका राहिला आणि पानांवर भुरी धरून बसला. मग स्टार जास्मिन. पानं तुकतुकीत, तक्रारीला जागा नाही, पण फुलं मोजून सात आली, तीही भिंतीच्या माथ्यावर ऊन लागत होतं तिथे. आयव्ही लावायचं जवळजवळ ठरलं होतं. ती अंधारातही वाढते, पण आईने विचारलं, "फुलं?" आयव्हीला फुलं येतात, हिरवट-पिवळे बारीक गोळे, मधमाश्यांना आवडतात, पण खिडकीतून बघणाऱ्या माणसासाठी ती नसल्यातच जमा. तिसरी एक क्लेमॅटिस होती. तिला काय झालं ते मलाही कळलं नाही. एका आठवड्यात वरपासून खालपर्यंत काळी पडली.

तर हायड्रेंजिया. तीन लिटरच्या कुंडीतलं रोप आणलं, दीड हात उंच, दोन फांद्या. चिठ्ठीवर छापलं होतं: जलद वाढणारी, सावलीसाठी उत्तम. दुसरं विधान खरं निघालं. पहिलं ज्याने छापलं त्याने ही वेल कधी लावली नसावी. कुठून घेतली ते सांगत नाही, चिठ्ठ्या सगळीकडे सारख्याच असतात.

वहीतल्या नोंदी अशा आहेत. पहिल्या वर्षी सर्वांत लांब फांदी ११ सेंटिमीटर वाढली. दुसऱ्या वर्षी ९. हो, कमी. भिंतीला चिकटायचं तर नावच नाही, काडीला बांधलेली फांदी सोडली की लोंबायची. आई म्हणाली, "ही वेल आहे की भिंतीवरचा डाग?" त्याच संध्याकाळी मी तो एक तारा दिला.

आता माझा दोष. रोप मी भिंतीला अगदी खेटून लावलं होतं, चार बोटं अंतरावर. भिंतीवर चढवायची वेल भिंतीपाशीच लावायची, यात विचार करण्यासारखं काय आहे, असं वाटलं होतं. तिसऱ्या वर्षी, पानं फुटायच्या आधी, रात्रभर झोडपून पाऊस पडला. सकाळी बागेत चिखल. वेलीपाशी गंमत म्हणून खुरपं घातलं तर खाली भुगा. कोरडा ठणठणीत, आत चुन्याचे आणि विटांचे तुकडे. भिंत पाऊस अडवते, पायाजवळची माती तहानलेली राहते आणि उरलंसुरलं पाणी विटा शोषून घेतात. हायड्रेंजियाच्या नावातच ग्रीक भाषेतलं पाणी आहे, आणि भांडंही. ते नाव खरं तर तिच्या घागरीसारख्या इवल्याशा फळांवरून पडलंय, पण मला त्या सकाळी ते टोमण्यासारखं लागलं. दोन वर्षं मी जंगलातल्या ओल्या मातीतली वेल ढिगाऱ्यात ठेवली होती.

त्याच आठवड्यात रोप उकरलं. लहान असताना, पानं नसताना हलवलं तर ते सोसतं. मोठी झाल्यावर या वेलीची मुळं छेडलेली तिला आवडत नाहीत. भिंतीपासून दीड फुटावर दोन फूट रुंद खड्डा घेतला, विटांचे तुकडे वेचून बादलीभर बाहेर काढले, निम्मी माती आणि निम्मं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत भरलं. रोप भिंतीकडे तिरकं झुकवून लावलं आणि भिंतीपर्यंत पोचायला दोन काठ्या तिरप्या टेकवून दिल्या, जिना लावावा तशा. वर चार बोटं जाडीचं पालापाचोळ्याचं आच्छादन, खोडाशी मात्र थोडी जागा मोकळी. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी. रोज घोटभर घातलेलं पाणी वरच्या वरच राहतं, मुळं खाली जात नाहीत.

त्या वर्षी ३२ सेंटिमीटर. चौथ्या वर्षी एक मीटर दहा.

चिकटण्याबद्दल दोन गोष्टी कुणी आधी सांगितल्या असत्या तर माझी सुतळी वाचली असती. ही वेल आपल्या अंगाला बारीक तपकिरी मुळं फोडते, ब्रशच्या केसांसारखी, आणि ती विटेच्या खडबडीत पृष्ठभागाला धरून बसतात. पण ही मुळं फक्त कोवळ्या, नव्या वाढीला येतात. जुनी फांदी एकदा भिंतीपासून सुटली की पुन्हा धरत नाही, कितीही दाबून बांधा. म्हणून कुंडीतून आलेल्या फांद्या चिकटतील याची वाट बघू नका. त्या जमिनीलगत आडव्या पसरवून भिंतीच्या जवळ बांधून ठेवा आणि त्यांच्यातून जे नवं फुटेल त्याला भिंत सापडेल एवढंच बघा. मी सुतळी सोडून जुन्या सुती साडीच्या पट्ट्या वापरल्या. सुतळी कोवळ्या सालीला कापते.

दुसरी गोष्ट भिंतीच्या तब्येतीची. आमच्या विटा पक्क्या आणि दरजा भक्कम, त्यामुळे सात वर्षांत काही बिघडलेलं नाही. पण दरजांमधला चुना भुसभुशीत असेल, गिलावा फुगला असेल किंवा भिंत रंगवलेली असेल तर ही वेल थेट चढवू नका. मुळं रंगाचे पोपडे काढतात, आणि वेल ओढून काढली तरी त्यांच्या तपकिरी खुणा भिंतीवर राहतात. अशा भिंतीसमोर जाळी किंवा तारा ताणून, भिंतीपासून थोडं अंतर ठेवून ती वाढवता येते, पण मग बांधणं कायमचं मागे लागतं आणि अर्धी मजा जाते. लाकडी कुंपणाला तर हिचा भार झेपत नाही. मोठं झाड मिळालं तर ती १२ मीटरच्याही वर जाते आणि खोड मनगटाएवढं होतं.

पहिला फुलोरा पाचव्या वर्षी आला. तीन चकत्या. त्यातल्या दोन भिंतीच्या माथ्यावरून पलीकडे झुकलेल्या, शेजाऱ्यांच्या बाजूला. पाच वर्षं पाणी मी घातलं आणि "तुमच्या वेलीला काय सुंदर फुलं आली आहेत हो!" असं सांगायला शेजारच्या काकू आल्या. आई म्हणाली, "आपण तिकडे जाऊन बघू या का?" पण त्यात वेलीची लबाडी नव्हती. माथ्यावर ऊन होतं, म्हणून तिथे आधी फुलली. सावलीत ती फुलते, पण सावकाश आणि उशिरा. जिथे थोडी तिरीप मिळते तिथे एक-दोन वर्षं आधी. हा फरक चिठ्ठीवर कुणी लिहीत नाही.

आणि फुलोरा दिसतो कसा? साधारण पसरट, लेसच्या रुमालासारखी चकती, वीतभर रुंद. मधे बारीक बारीक मळकट पांढऱ्या फुलांची दाटी. परागकण आणि बिया यांचं काम त्यांचं. कडेला विखुरलेली मोठी शुभ्र फुलं, ती वांझ असतात. त्यांच्या चार पाकळ्या म्हणजे पाकळ्या नसून निदलं (पाकळ्यांच्या बाहेरची दलं) आहेत, किड्यांना लांबून बोलवायला टांगलेली पाटी. चकत्या भिंतीला चिकटून बसत नाहीत, आडव्या फांद्यांच्या टोकांवर फूट-दीड फूट पुढे येतात. सावलीत याचा परिणाम वेगळाच होतो. संध्याकाळी बाग काळी पडत जाते, विटा दिसेनाशा होतात आणि त्या पांढऱ्या चकत्या तेवढ्या हवेत ठेवल्यासारख्या दिसत राहतात. लाल किंवा जांभळं फूल तिथे अंधाराबरोबर विझलं असतं. सावलीतल्या भिंतीला पांढराच रंग हवा, हे मी आता कुणाशीही वाद घालून सांगेन.

रंगावरून आठवलं. कुंडीतल्या हायड्रेंजियाची फुलं आम्लधर्मी मातीत निळी आणि चुनखडीच्या मातीत गुलाबी होतात, हे वाचून बरेच जण हिच्या बुडाशीही काहीबाही घालतात. काही उपयोग नाही. ही पांढरी ती पांढरीच.

वासाबद्दल अपेक्षा कमी ठेवा. जाईजुईच्या आठवणीने कुणी ही लावणार असेल तर थांबा. जवळ नाक नेलं तर मधासारखा सौम्य गोड वास येतो, खिडकीपर्यंत तो पोचत नाही. मधमाश्या आणि फुलमाश्या मात्र पहाटेपासून हजर. आई त्यांनाच बघत बसते. फुलोऱ्याचा ताजेपणा तीन आठवड्यांचा. नंतर कडेची फुलं हिरवट, मग तपकिरी होतात आणि हिवाळाभर कागदासारखी फांदीवर राहतात. काढायची की ठेवायची हा आमच्या घरात दरवर्षीचा वाद आहे. मी काढणाऱ्या पक्षात आहे आणि दरवर्षी हरते.

पानं हृदयाच्या आकाराची, कडेला बारीक दाते, लांब देठांची. 'पेटिओलारिस' हे नाव त्या देठांवरूनच. ते नाव झीबोल्ट आणि झुकारिनी या दोघांनी दिलं. झीबोल्ट १८२३ ते १८२९ या काळात नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर डच वखारीचा डॉक्टर होता आणि तिथून जपानच्या झाडाझुडपांचा अभ्यास करत होता. मला ही माहिती आवडते, कारण एका डॉक्टरने फावल्या वेळात टिपून ठेवलेली वेल माझ्या कुंपणावर आहे आणि माझ्या वहीत तिची नोंद आहे. असो.

पानगळीच्या आधी आठ-दहा दिवस सगळी वेल लोण्यासारखी पिवळी होते. मग पानं झडतात. इथे मी अर्धा तारा कापते. वर्षातले चार-पाच महिने भिंतीवर नुसत्या काटक्या. दालचिनीच्या रंगाची, पापुद्रे सुटलेली साल बघायला वाईट नाही, पण ज्यांना बारमाही हिरवा पडदा हवा त्यांच्यासाठी ही वेल नाही. सदाहरित भावंडंही आहेत हिची, मेक्सिकोची हायड्रेंजिया सीमानी उदाहरणार्थ; ती कडक थंडीला जरा नाजूक. मी लावलेली नाही, त्यामुळे तारे देत नाही.

घेताना फसू नका: हिच्यासारखीच दिसणारी आणखी एक जपानी वेल आहे, स्किझोफ्रॅग्मा. पुष्कळदा दोघी शेजारीशेजारी ठेवलेल्या असतात आणि चिठ्ठ्या अदलाबदल होतात. फुलोऱ्यावरून ओळख सोपी. कडेच्या वांझ फुलाला चार निदलं असतील तर हायड्रेंजिया, आणि एकच मोठं हृदयाकृती निदल लोंबत असेल तर स्किझोफ्रॅग्मा. तीही चांगली आहे, सावलीत चालते. फक्त जे पैसे देऊन घेताय ते काय आहे हे माहीत असावं.

छाटणीत मी एक वर्ष घालवलं. सहाव्या वर्षी वेल शेजाऱ्यांच्या दोरीवरच्या कपड्यांपर्यंत गेली होती, म्हणून हिवाळ्यात बसून व्यवस्थित कापली. पुढच्या मोसमात कापलेल्या भागात एकही चकती नाही. पुढच्या वर्षीच्या कळ्या आदल्या वर्षीच्या फांद्यांवर तयार होऊन बसलेल्या असतात. हिवाळ्यात कात्री लावली की फुलंच कापली जातात. छाटायचं ते फुलोरा ओसरल्यावर लगेच. आणि फार पुढे आलेल्या फांद्या एकाच वर्षी सगळ्या न घेता दोन-तीन वर्षांत विभागून घ्यायच्या. सात फुटांच्या भिंतीला एवढी मोठी होणारी वेल म्हणजे दरवर्षी कात्री आलीच, हे लावतानाच मान्य करा. बाकी कामं फारशी नाहीत. कीड मला दिसलेली नाही. एका वसंतात उशिरा गोठवणारं दहिवर पडलं आणि कोवळी पानं काळी झाली, पंधरा दिवसांत दुसरी आली. पानं-कळ्या पोटात जाणं मात्र चांगलं नाही, माणसांच्या नाही आणि कुत्र्या-मांजरांच्याही नाही. शेजारच्या मांजराला मी हे सांगून थकले.

सावली म्हणजे कोणती सावली, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. भिंतीला पाठ लावून उभं राहा आणि वर बघा. डोक्यावर मोकळं आकाश दिसत असेल तर ऊन नसलं तरी उजेड आहे, वेल फुलेल. वर पत्रा, सज्जा किंवा दाट झाडाची फांदी असेल तर पानं येतील, फुलांची खात्री मी देणार नाही. आणि त्या झाडाची मुळं भिंतीच्या पायाशी पाणी पीत असतील तर पहिल्या दोन वर्षांतला माझा अनुभव तुम्हाला कायमचा येईल.

जिथे हिवाळ्यात गारठाच पडत नाही आणि उन्हाळा भाजून काढतो, तिथे या वेलीच्या नादी लागू नका. तिला थंडीची विश्रांती हवी असते. तिथल्या अर्ध्या सावलीच्या भिंतीला क्लेरोडेंड्रम थॉमसोनिए बघा, पश्चिम आफ्रिकेतली, पांढऱ्या कंदिलातून लाल फूल डोकावणारी. तारांवर गुंडाळून चढते आणि आवाक्यात राहते. निळ्या फुलांची थनबर्जिया ग्रँडिफ्लोराही अर्ध्या सावलीत चालते, पण तिला मोकाट सोडू नये. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये तिला तणांच्या यादीत घातलंय, उगाच नाही.

तर आजची नोंद. वेल बावीसपैकी सोळा फूट पसरली आहे. यंदाच्या चकत्या मी एकसष्टपर्यंत मोजल्या आणि मग सोडून दिलं. पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा पानगळीचा कापला. अर्धा कात्रीचा. आणि अर्धा त्या 'जलद वाढणारी' या दोन शब्दांचा. तो खरं तर वेलीच्या खात्यात टाकायला नको, पण चिठ्ठीला वेगळे तारे देता येत नाहीत.

खालची एक फांदी दोन वर्षांपूर्वी मातीला टेकवून वर वीट ठेवली होती. दाब कलम या वेलीचं सहज होतं. त्यातून दोन रोपं झाली. एक ताईने नेलं. तिला अंतर दीड फूट, खुरपं घालून ओल बघ, असं सगळं लिहून दिलंय. दुसरं शेजारच्या काकूंना द्यायचं ठरलं होतं. आई नको म्हणते. "त्यांच्याकडे फुलं आधीच जातायत," म्हणाली.